वादळात पडलेला फणस आणि आमच्या घराची दारं

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. जांभ्या दगडाच्या दीड फुटी भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी. पुढच्या दाराच्या गणेशपट्टीवर ‘शके १८४८’ कोरलंय, म्हणजे १९२६-२७ साल. तिथे माझी आत्या राहते, मी ठाण्याला नोकरी करते. २०२३ च्या दसऱ्याला त्या घराच्या शेवटच्या खिडकीची शेवटची खिटी बसली आणि साडेतीन वर्षांचं काम संपलं. मधल्या काळात मला ज्या गोष्टी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या इथे लिहून ठेवते. जुन्या घराचं लाकूडकाम हातात घेताना माणूस फार एकटा पडतो.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. परसातला फणस मुळासकट उलटला आणि पूर्वेच्या पडवीवर कोसळला. दोन खिडक्या चौकटीसकट गेल्या, आणखी दोघींच्या झडपा फुटल्या. निम्म्या घराची कौलं उडाली. आत्या त्या वेळी माजघरात बसलेली होती, तिला ओरखडाही आला नाही. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

तेव्हा टाळेबंदी होती. ई-पास काढून मी पोचले तेव्हा महिना संपत आला होता, गावात वीज नव्हती. सगळ्यांचं आधी छप्पर, मग बाकी. कौलं मिळत नव्हती, ताडपत्री मिळत नव्हती. तलाठी पंचनामा करून गेले होते. घराच्या नुकसानीच्या कागदात ‘फणसाचे झाड उन्मळून घरावर पडले’ ही एक ओळ आत्याने आग्रहाने घालून घेतली होती. त्या ओळीचं मोल मला पाच महिन्यांनी कळलं. तुमच्याकडे असं काही झालं तर पंचनाम्यात झाडाची जात आणि ते कसं पडलं हे लिहून घ्या, आणि त्याची प्रत जपून ठेवा.

फुटलेल्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. पुढच्या दाराकडे मी तेव्हाच नीट पाहिलं. वादळाने त्याला काही केलं नव्हतं, पण चौकटीच्या दोन्ही पायांत वाळवी होती. उंबऱ्यावर पाय दिला की कडेचा भुसा पडायचा. मागच्या दाराच्या फळ्या खालून सडलेल्या. एकूण दोन दारं आणि चार खिडक्या.

पहिल्यांदा मीही सोपा रस्ता धरला. शहरातल्या एका दुकानाने मापं फोनवर घेतली आणि तयार दारं-खिडक्यांचा ९२ हजारांचा अंदाज दिला, बसवणी धरून, तीन आठवड्यांत. त्याच सुमाराला जुनं लाकूड विकत घेणारा एक जण टेम्पो घेऊन दारात आला. पुढचं दार, चौकट आणि गणेशपट्टी मिळून १८ हजार देतो म्हणाला. वादळानंतर असे बरेच जण फिरत होते. पैशांची निकड असलेल्या कितीतरी घरांनी दारं दिली, त्यांना मी नावं ठेवणार नाही. आत्याने मात्र त्याला चहा दिला आणि परत पाठवला. मग मला म्हणाली, “फणस पडलाय तो काय जाळायला? मेस्त्रींना बोलाव.”

मेस्त्री शेजारच्या गावातले, साठीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी आमच्या गोठ्याचं छप्पर केलं होतं, त्यामुळे आत्या त्यांना अजून ‘पोरा’ म्हणते. ते आले आणि दार-खिडक्यांकडे गेलेच नाहीत, सरळ परसात गेले. पडलेल्या फणसावर कोयतीने एक सपकारा मारला, पिवळाधमक गाभा दिसला. घेर मोजला. म्हणाले, “ताई, लाकूड चांगलं हाय. पण दोन पावसाळे थांबायची तयारी असेल तरच हात लावतो.”

दोन इंची फळीला दोन वर्षं, हा त्यांचा हिशोब. इंचाला वर्ष. ओलं लाकूड कापून दार केलं तर ते घरात वाळतं, वाळताना पिळतं, आणि मग बिजागरीला दोष देत बसायचं. मी ‘हो’ म्हटलं खरं, पण दोन वर्षं प्लायवूडच्या अंधारात राहणार होती आत्या. तिला विचारलं तर म्हणाली, “पूर्वेची खिडकी नाय तर नाय. पश्चिमेची हाय ना.”

पावसाळ्यात ओंडके तसेच ठेवणं भाग होतं. मेस्त्रींनी दोन चांगले तुकडे काढले, एक ९ फुटांचा, एक ७ फुटांचा. दगडांवर उचलून ठेवले आणि वर ताडपत्री. कापलेल्या तोंडांना उरलासुरला ऑइल पेंट फासला, कारण पाणी तोंडातून भराभर उडतं आणि तिथूनच चिरा जातात. फांद्यांचं सरपण झालं.

आता कागद. आपल्या जमिनीतलं, आपोआप पडलेलं झाड आहे, उचलून लाकूड कापायच्या गिरणीवर न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तसं नसतं. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, खैर, किंजळ यांच्याबरोबर फणसही आहे. लाकूड रस्त्यावर आणायचं तर वाहतूक परवाना लागतो, सगळे त्याला ‘पास’ म्हणतात. परवानाधारक गिरणीवाला पासाशिवाय ओंडका आत घेत नाही, आणि त्याने घेऊही नये.

ऑक्टोबर २०२० मध्ये मी वन विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात गेले. त्यांनी यादी दिली: अर्ज, ताजा सातबारा, आठ-अ म्हणजे खाते उतारा, झाड उभं होतं त्या जागेचा नकाशा, पंचनाम्याची प्रत, आणि सातबारावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. शेवटच्या कागदाने सात आठवडे खाल्ले. आमच्या सातबारावर सात नावं. दोन वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नव्हती. एक चुलतभाऊ बडोद्याला, एक चुलत आत्या गिरगावात, जिचा आमच्या घराशी वीस वर्षं अबोला. मला वाटलं होतं तिथेच गाडं अडणार. फोन केला, फणसाचं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग तिने विचारलं, “विहिरीजवळचा कापा, की गोठ्याकडचा बरका?” कापा टणक गऱ्यांचा, बरका रसाळ. कापा, म्हटलं. “पाठव कागद,” म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी सही करून परत.

वारसांची नोंद आधी करून घ्यावी लागली, त्यासाठी तलाठी कार्यालयात अर्ज, मृत्यूचे दाखले, मग ठरलेली मुदत. हे काम झाड पडायच्या आधी, कुठलीही गरज नसताना, करून ठेवा. मी एवढंच सांगेन.

अर्ज लागल्यावर मात्र पुढचं सुरळीत झालं. वनरक्षक घरी आले, उन्मळलेलं बुड आणि मुळांचा खड्डा पाहिला, फोटो काढले, ओंडके मोजले. लाकूड मोजायची रीत मी तेव्हा शिकले. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. मोठ्या ओंडक्याचा घेर ६ फूट, चौथा भाग दीड फूट, दीड गुणिले दीड गुणिले नऊ, म्हणजे २०.२५ घनफूट. धाकटा पावणेनऊच्या थोडा वर. सगळं मिळून २९ घनफूट. दोन्ही तोंडांवर हातोड्याचा शिक्का बसला. तो शिक्का गिरणीत पोचेपर्यंत पुसू देऊ नका, कापून काढू नका.

पासावर लाकडाची जात, नगांची संख्या, मापं, कुठून कुठे, गाडीचा नंबर आणि मुदत लिहिलेली असते. ठरलेला टेम्पो आदल्या रात्री बंद पडला. दुसरा मिळाला, पण नंबर वेगळा. मेस्त्रींनी मला तशाच गाडीत बसू दिलं नाही. परत कार्यालयात जाऊन नंबर दुरुस्त करून घेतला, एक दिवस गेला. रस्त्यात नाक्यावर गाडी खरोखरच थांबवली गेली, कागद पाहिले, सोडली. १७ डिसेंबर २०२० ला फणस गिरणीत पोचला.

कापणीच्या वेळी मेस्त्री यंत्राच्या शेजारी उभे होते. पहिला काप पडला आणि आत हळदीसारखा पिवळा रंग. कडेने दोन-अडीच इंचांचा पांढरट पट्टा होता, तो सगळा त्यांनी बाजूला काढायला लावला. पांढरं म्हणजे वाळवीचं जेवण, म्हणाले. २९ घनफुटांतून कामाचं लाकूड जेमतेम १७ घनफूट निघालं. मला हळहळ वाटली. जुन्या घरातल्या दारांना वाळवी लागायला जवळजवळ शंभर वर्षं का लागली, याचं अर्धं कारण मात्र तिथे कळलं. जुन्या सुतारांनी पांढरं लाकूड घरात येऊच दिलं नव्हतं.

आत्याने गोणीभर भुसा घरी आणायला लावला. तो पाण्यात उकळून तिने जुनं धोतर बुडवलं, ते केशरी-पिवळं झालं. ब्रह्मदेश आणि थायलंडकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाने रंगवत, हे मी वाचलं होतं. आमच्या न्हाणीत ते प्रत्यक्ष पाहिलं.

फळ्या गोठ्यात रचल्या. जमिनीपासून फूटभर वर, दोन फळ्यांच्या मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका ओळीत. पट्टी इकडेतिकडे झाली तर फळी तिथे वाकते. वर दगडांचं वजन. दर तीन महिन्यांनी थप्पी उलटी करायची, वरची खाली, खालची वर. हे काम मी ठाण्याहून येऊन केलं, कधी एकटीने, कधी शेजारच्या मुलांना घेऊन. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खिडक्यांचं प्लायवूड रात्रभर थडथडत होतं. गोठ्याचं छप्पर टिकलं.

दोन वर्षांत मी फारसं काही केलं नाही, फक्त वाट पाहिली. एका वाक्यात लिहिण्यासारखं आहे ते, पण तसं सोपं नव्हतं. लोक विचारायचे, अजून प्लायवूडच का. सप्टेंबर २०२२ मध्ये ओलावा मोजायचं यंत्र मागवलं, १,४०० रुपयांना. फळ्या आता १५-१६ टक्क्यांवर होत्या. किनाऱ्यावरच्या हवेत याहून खाली जाणं कठीणच. मेस्त्रींनी यंत्र हातात घेऊन पाहिलं, कौतुकाने परत दिलं, आणि फळीवर बोटाचं पेर मारून आवाज ऐकला. “आता बोलते,” म्हणाले. दोघांचं एकमत झालं.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. ओटीवरच सुतारकाम मांडलं.

पहिले चार दिवस फक्त मापं. मला वाटलं टेप लावून आकडे लिहून घेतील. त्यांनी बांबूच्या कामट्या तासून सहा लांब काठ्या केल्या, प्रत्येक दारा-खिडकीला एक. काठी भोकात उभी धरायची आणि जिथे भिंत आहे तिथे पेन्सिलीची खूण. रुंदी वर एक, मध्ये एक, खाली एक. दुसऱ्या बाजूला कर्णांच्या खुणा. आकडा कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, आकडा वाचताना चुकतो, लिहिताना चुकतो, काठी चुकत नाही. देवघराच्या खिडकीचे दोन कर्ण सव्वा इंचाने वेगळे निघाले. ओळंबा सोडला तर एक बाजू चार सूत बाहेर. फोनवर मापं घेणाऱ्या त्या दुकानाची काटकोनातली खिडकी तिथे कशी बसली असती, देव जाणे. कडेने सिमेंट भरावं लागलं असतं, आणि सिमेंट पाणी धरून ठेवतं, तिथूनच लाकूड कुजतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे नव्या वाचकांसाठी. पुढचे पाच महिने आमच्या घरात याच मापात बोलणं चाललं.

पुढच्या दाराची चौकट पूर्ण नवी करायची असं मी धरून चालले होते. मेस्त्रींनी पटाशीचं, म्हणजे सुताराच्या छिन्नीचं, टोक चौकटीच्या पायात खुपसलं, ते पुठ्ठ्यात जावं तसं गेलं. चार-चार बोटं वर सरकत गेले. जमिनीपासून चौदा इंचांवर पटाशी अडली. तिथून वर सगळा साग ठणठणीत. “अख्खी काढायची कशाला? पायांना कलम बांधू.”

हे कलम बांधताना मी रजा घेऊन तीन दिवस शेजारी बसले होते, म्हणून सविस्तर लिहिते. आधी वरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन भार उचलून धरला. मग पायाचा सडका भाग आडवा न कापता तिरका कापला, नऊ इंच लांबीचा उतार, उताराच्या दोन्ही टोकांना एकेक पायरी. माळ्यावर जुन्या तुळईचा सागाचा तुकडा होता, त्यातून नवा पाय. सागाला सागच, आणि शक्यतो त्याच वयाचा, नाहीतर नवं लाकूड पावसात वेगळं फुगतं. नवा पाय सतरा वेळा लावला आणि काढला, मी मोजलं. प्रत्येक वेळी जुन्या लाकडावर खडूची पूड चोळायची, लावायचं, काढायचं, जिथे पूड चिकटली तिथे रंध्याचा एक पातळ पापुद्रा. शेवटी फटीत पत्त्यातलं पानही जाईना.

मग खुंट्या. सांध्यातून आरपार भोक पाडलं, पण आतल्या तुकड्याचं भोक मुद्दाम अर्धं सूत सरकवून. मला वाटलं चुकलं. सुक्या लाकडाची निमुळती खुंटी ठोकली तेव्हा समजलं. खुंटी सरळ जाण्यासाठी दोन्ही भोकं एका ओळीत ओढते, आणि ओढताना सांधा आवळला जातो. खिळा नाही, सरस नाही. प्रत्येक ठोक्याला आवाज बदलत जातो, भदभद, मग टणटण. आवाज बदलायचा थांबला की ठोकणं थांबवायचं. त्या पुढची एक ठोक जास्त झाली तर चौकट चिरते.

उंबरा किंजळीचा केला, मेस्त्रींच्या घरी ठेवणीतला तुकडा होता. त्याचे पैसे ते घेईनात. आत्याने त्यांच्या बायकोला साडी दिली.

झडपा आणि दाराच्या फळ्या फणसाच्या. पुढचं दार पूर्वीसारखंच खुंट्याचं ठेवलं. म्हणजे बिजागरी नाही, दाराच्या कडेच्या लाकडालाच वर आणि खाली गोल खुंट, ते गणेशपट्टीमागच्या भोकात आणि उंबऱ्याच्या खळगीत फिरतात. खालच्या खुंटाला लोहाराकडून लोखंडी कडं बसवून घेतलं, झीज होऊ नये म्हणून. फळ्यांची जोडणी खाच-जिभेची, म्हणजे एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत, आणि फळ्यांना सरस अजिबात नाही. फळी पावसात फुगणार, उन्हात आकसणार, तिला हलायला जागा हवी. सरसाने आवळली तर ती मधोमध फाटते.

मागच्या दाराच्या फळ्या माळ्यावरच्या उरलेल्या सागातून निघाल्या. दोन खिडक्या चौकटीसकट नव्या, दोघींच्या जुन्या चौकटी ठेवून फक्त झडपा नव्या.

गजांचं गणित मला फार आवडलं. चौकटीच्या वरच्या लाकडात भोक खोल, खालच्यात उथळ. गज आधी वर सारायचा, मग खाली सोडायचा. चौकट भिंतीत बसल्यावरही एखादा गंजलेला गज असाच काढून नवा घालता येतो. जुने गज खाऱ्या हवेने निम्मे झाले होते. नवे लोहाराने केले, ५,२०० रुपये. बिजागऱ्या पितळेच्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, समुद्राजवळ साध्या लोखंडी स्क्रूला तीन-चार वर्षांत गंज चढतो आणि मग तो बाहेरही निघत नाही. जुन्या कड्या-कोयंडे आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, घासले, तेच परत लावले.

वाळवीसाठी भिंतीत जाणाऱ्या भागांना काजूच्या टरफलाचं तेल. आमच्याकडे होड्यांनाही हेच लावतात. स्वस्त आणि जालीम, पण कातडी जाळतं. हातमोजे घालूनही माझ्या मनगटावर थेंब उडाला, पंधरा दिवस साल निघत होती. लहान मुलं आजूबाजूला असताना डबा उघडू नका. हे तेल काळं आणि चिकट राहतं, त्यामुळे दिसणाऱ्या भागाला लावायचं नाही. झडपांना अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन, तीन हात, दोन हातांच्या मध्ये निदान तीन दिवस. एक धोका सांगते. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटतात. अंगणात पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

२२ मार्च २०२३, गुढीपाडवा. उंबरा बसवायला आत्याने तोच दिवस धरला होता. उंबऱ्याखाली तिने सोन्याचा मणी आणि हळकुंड ठेवलं, गवंड्याने चुना भरला. सिमेंट नाही, चुना, कारण चिऱ्याची भिंत आणि चुना दोघंही श्वास घेतात, असं गवंडीही म्हणाला आणि मेस्त्रीही. संध्याकाळी पूर्वेची खिडकी उघडली. पावणेतीन वर्षांनी माजघरात त्या बाजूचा उजेड आला.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं, पण पावसाळा यायचा होता. जुलैत पाच दिवस पाऊस थांबला नाही आणि देवघराच्या खिडकीची एक झडप फुगून घट्ट बसली. आत्याला ती ओढता येईना. मेस्त्री आजारी मुलीकडे पनवेलला गेले होते. फोनवर म्हणाले, हात लावू नका, ऑक्टोबरात आपोआप सुटेल. मला आत्याचं रोज धडपडणं बघवेना. गावातल्या एका मुलाकडून मी झडपेची कड रंधून घेतली, जवळजवळ तीन सूत. दोन दिवस छान उघडली. ऑक्टोबरात लाकूड आकसलं आणि झडप बंद केली तरी मधून बोट जाईल एवढी फट. मेस्त्री परत आले, फट पाहिली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फणसाची बारीक पट्टी घेऊन आले आणि कडेला खाचेत बसवली. ती पट्टी जरा फिकट आहे, अजून दिसते. फणस उन्हाने पिवळ्याचा तपकिरी होत जातो, काही वर्षांनी रंग जुळेल. पहिल्या पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला रंधा लावू नका. जिथे घासतंय तिथे मेणबत्ती चोळा, एवढं पुरतं.

हिशोब. ओंडके उचलणं आणि मजुरी ४,५००, टेम्पो २,८००, कापणी २,१००, कागदपत्रं आणि फेऱ्या १,९००. मेस्त्रींचे ७४ दिवस, दिवसाला हजार, ७४,०००. मदतनिसाचे ५१ दिवस, सहाशेप्रमाणे ३०,६००. बिजागऱ्या, स्क्रू, खिट्या १६,४५०. गज ५,२००. तेलं ३,९००. गवंडी ८,०००. ओलाव्याचं यंत्र १,४००. एकूण १,५०,८५०. लाकूड घरचं असूनही. तयार दारांपेक्षा ५८,८५० रुपये जास्त, आणि वेळ किती ते वर आलंच आहे. ज्यांना एवढं परवडणार नाही त्यांनी निदान चौकटी वाचवाव्यात. पायांना कलम बांधणं हे आमच्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम होतं, मेस्त्रींचे सहा दिवस. खर्च झाला तो नव्या झडपांवर.

मेस्त्री शोधताना एकच सांगते. त्यांनी पूर्वी केलेलं दार पाहायला जा, नवं नको, दहा पावसाळे काढलेलं. उघडून बंद करून बघा. आणि मजुरी ठेक्याने ठरवू नका, रोजाने ठरवा. ठेक्यात सतरा वेळा कुणी पाय लावून काढत नाही.

दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, ती पट्टी बसवून झाल्यावर मेस्त्रींनी हत्यारं गोळा केली. हत्यारांची पूजा त्यांनी सकाळी आमच्याच ओटीवर केली होती. मी कामट्यांच्या त्या सहा काठ्या सरपणात टाकायला निघाले होते. त्यांनी हातातून घेतल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने खिडकीचं नाव लिहिलं, देवघर, पडवी उत्तर, पडवी पूर्व, माजघर, आणि दोन दारांच्या दोन. सुतळीने बांधून पुढच्या दारामागे खिळ्याला टांगल्या. “पुढचा जो कुणी येईल त्याला लागतील,” म्हणाले. उरलेल्या दोन फळ्या माळ्यावर आहेत, त्यांच्यावर मी साल लिहून ठेवलंय.